विचारायची वही

"मशीन बिघडली" असं भाऊंना फोनवर सांगितलं की पलीकडून आधी काहीच आवाज यायचा नाही. ट्रंक कॉलची मिनिटं पळत असायची, इकडे आमचा जीव वरखाली, आणि हा माणूस गप्प. मग शांतपणे म्हणायचे, "हे तुमचं मत झालं बाई. झालं काय, ते सांगा."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा रिसीव्हर आपटून मी शिपायासमोर त्यांचा चांगला उद्धार केला होता. माणूस मदत मागतोय आणि हे मत न् बित काढत बसलेत! तेव्हा मला काय ठाऊक, की पुढं आयुष्यभर कुणी माझ्याकडे तक्रार घेऊन आलं की माझ्याही तोंडून आधी हेच निघणार आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सात कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले होते. आले म्हणजे खोक्यांतून उतरले, हार घालून, नारळ फोडून टेबलावर बसवले, आणि मग साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्याच्यापासून चार हात लांब राहू लागले. सातही कचेऱ्यांतला कामाचा प्रोग्राम भाऊंनी लिहिलेला. ते चंद्रपूरला, मुख्य कचेरीत. मी सगळ्यात शेवटच्या कचेरीत, आष्टीच्या पुढं, अहेरीच्या अलीकडं, जिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो आणि संपायचं नाव घेत नाही. नागपूरला तीन महिन्यांचा कोर्स केलेली, रोजंदारीवर लागलेली ऑपरेटर. बापानं दुसऱ्याच्या बांधीत धान रोवून मला शिकवलं होतं. आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली माझं टायपिंगचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं, आणि आलेल्या प्रत्येकाला बाप ते दाखवायचा. खुर्चीवर बसून काम करणारी घरातली पहिलीच मी.

भाऊ दिसायला साधे. बेताची उंची, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि अंगात बारा महिने विटकरी रंगाचा हातविणीचा स्वेटर. चंद्रपुरात, मे महिन्यात, स्वेटर! रस्त्यानं सायकलवर निघाले की पोरं मागं लागायची. कारण एवढंच, की अख्ख्या इमारतीत एसी त्यांच्या एकट्याच्या खोलीत होता, तोही माणसासाठी नव्हे, मशीनसाठी. आत काकडून निघायचं आणि बाहेर भाजून. स्वेटर काढघाल करण्यात वेळ जातो म्हणून त्यांनी तो काढायचंच सोडून दिलं होतं.

उन्हाळा लागला की त्या खोलीकडं साऱ्या कचेरीचे पाय वळायचे. चपला दाराशी काढायच्या, आत यायचं आणि काहीतरी निमित्त सांगायचं. एकदा एक हेडक्लार्क आले, म्हणाले, ही मशीन चालते कशी ते समजून घ्यावं म्हणतो. भाऊंनी त्यांना बसवलं आणि पाऊण तास समजावलं. फ्लॉपीच्या आतली चकती काढून दाखवली, तिच्यावरचे न दिसणारे कप्पे कागदावर काढून दाखवले, मधेमधे "समजलं?" असं विचारून त्यांच्याकडून वदवून घेतलं. हेडक्लार्क घामाघूम होऊन बाहेर पडले, एसीत असून. त्याच दुपारी एक म्हातारा चौकीदार दारात उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, बाहीर जीव चालला जी. जरा बसू द्या." भाऊंनी त्याला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि एक शब्द न विचारता आपल्या कामाला लागले. मी त्या दिवशी प्रिंटरचं रिबन न्यायला गेले होते, दोन्ही प्रकार डोळ्यांनी पाहिले. मला म्हणाले, "त्यानं खरं कारण सांगतलं. आता त्याले काय विचारायचं?"

दुसरी सवय ऐकून घेण्याची. तुमचं सांगून झालं की ते सगळं तुमच्याच शब्दांत, ओळीनं, पुन्हा बोलून दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, "बरोबर?" तुम्ही "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. ट्रंक कॉलवर हे म्हणजे छळच. त्यांचे वडील नागभीडकडं नॅरोगेजवरच्या एका लहानशा स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. पुढच्या स्टेशनाचा निरोप फोनवर आला की तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, मगच गाडी सोडायची. एक शब्द गळला तर दोन गाड्या समोरासमोर. भाऊ लहानपणी त्या फोनशेजारी बसून अभ्यास करायचे. गाड्या गेल्या, वडील गेले, पण ते "बरोबर?" ह्यांच्या तोंडी राहिलं.

आणि तिसरं म्हणजे ती वही.

सात कचेऱ्यांतल्या आम्हा सात ऑपरेटरांना एकमेकांचं काही कळायचं नाही. एकाला जी अडचण आज आली तीच दुसऱ्याला महिन्यानं यायची आणि दोघंही वेगवेगळे चंद्रपूरला फोन लावायचे, तोही लागला तर. म्हणून भाऊंनी लाल कापडी पुठ्ठ्याचं एक लांब रजिस्टर घेतलं, मेणकापडाच्या पिशवीत घातलं आणि एसटीनं फिरवायला सुरुवात केली. कंडक्टरच्या हाती द्यायचं, पुढच्या स्टँडवर तिथल्या ऑपरेटरनं उतरवून घ्यायचं, दोन दिवस ठेवायचं, वाचायचं, आपलं विचारायचं, दुसऱ्याला येत असेल ते सांगायचं आणि पुढच्या गाडीनं रवाना. पंधरा-सतरा दिवसांत एक फेरी. कंडक्टर लोक तिला "विचारायची वही" म्हणायचे. आमच्या स्टँडवरचा कंट्रोलर तर भोंग्यावर सांगायचा, "कॉम्प्युटरवाल्या बाई, तुमची विचारायची वही आली."

पहिल्या पानावर भाऊंच्या ठसठशीत अक्षरात कसं विचारायचं ते लिहिलेलं. आधी मी काय केलं. मग काय झालं, पडद्यावर जे आलं ते जसंच्या तसं. मग मला काय हवं होतं. विचारण्याआधी मागची पानं वाचावीत. वाचून झालं की "वाचलं" असं लिहून सही करावी. अडचण सुटली की परत येऊन कशी सुटली ते लिहावं, आपोआप सुटली तरी लिहावं. आणि "तातडीचे" हा शब्द लिहू नये, कारण ज्याचं अडलं त्याचं तातडीचंच असतं.

मी शाळेत पत्रलेखनात पैकीच्या पैकी घेणारी. माझा पहिला प्रश्न मी "माननीय महोदयांच्या सेवेशी सविनय सादर" पासून सुरू केला होता. आपली कृपादृष्टी, आपला अमूल्य वेळ, सगळं घातलं. वही परत आली तेव्हा भाऊंनी लाल पेन्सिलीनं सगळं खोडून फक्त एवढंच ठेवलं होतं, "प्रिंटर चालत नाही." आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे मत." दोन्ही जिल्ह्यांत माझी शोभा झाली. पण त्याच पानावर खाली त्यांनी प्रिंटरबद्दल चार गोष्टी विचारल्या होत्या, आणि त्या तपासता तपासता चौथ्या गोष्टीला प्रिंटर चालू झाला. राग तर होताच, पण त्या राग आलेल्या हातानंच मी वहीत लिहिलं, सुटलं.

न येणाऱ्याची मात्र त्यांनी कधी थट्टा केली नाही. एकदा नागभीडच्या ऑपरेटरनं अगदीच बाळबोध प्रश्न विचारला होता. राजुऱ्याच्या हुशार गड्यानं त्याखाली झणझणीत उत्तर लिहिलं, "पान सात वाचा. डोळे दिलेत देवानं." भाऊंनी "डोळे" पासून पुढचं खोडलं आणि खाली लिहिलं, "पान सांगितलं हे चांगलं केलं. पण पान सातवर मी जे लिहिलं ते मलाच आज वाचून समजलं नाही. पुन्हा लिहितो." आणि खरोखरच अर्धं पान पुन्हा लिहून काढलं होतं. राजुऱ्याचा गडी त्यानंतर उत्तर लिहिताना दोनदा विचार करायला लागला, हे त्यानंच मला पुढं एका बैठकीत सांगितलं.

आणि त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य कोणतं म्हणाल, तर भाऊंचंच. "मले नाई माहीत." तारीख, सही. आमच्याकडच्या बोलीत, जसं तोंडी म्हणायचे तसंच लिहिलेलं. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानंच असं लिहावं? माझ्या साहेबांना ते फारच खटकायचं. वही त्यांच्या टेबलावरून पुढं जायची, ते प्रत्येक पान वाचून सही करायचे आणि म्हणायचे, ह्या माणसाला आपली इज्जत सांभाळता येत नाही. मला सुरुवातीला तसंच वाटायचं. मग हळूहळू लक्षात आलं, की भाऊंनी "असं करा" लिहिलं की ते डोळे झाकून करता यायचं. कारण माहीत नसतं तेव्हा हा माणूस तसं लिहितो, हे आम्हा सातही जणांना ठाऊक होतं.

आता ती गोष्ट सांगते. सांगायला मला आजही जड जातं.

त्या वर्षी आमच्या कचेरीत जबरानजोतीची यादी चालू होती. जंगलाची जमीन वर्षानुवर्षं कसणाऱ्यांचे अर्ज आले होते, नाव, गाव, जमीन किती, कधीपासून. मी ते मशीनमध्ये भरायचे. मूळ अर्ज गठ्ठे बांधून वर गेले होते. वर म्हणजे नेमके कुठं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. चंद्रपूरच्या बैठकीपुढं जाणार होती ती मशीनची यादी. यादीत नाव नाही त्याचा विचार नाही, असं साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं.

इंद्रावतीकडच्या दोन गावांची नावं भरत होते तेव्हा मासू दादा आला. माडिया म्हातारा, दोन दिवस चालत आलेला. मोहफुलं वेचायचे दिवस सोडून आला होता, म्हणजे बघा. आमच्या वनरक्षकाच्या तोंडून त्यानं सांगितलं, मी अर्ज दिला, अंगठा दिला, तलाठी म्हणाला नाव मशीनमध्ये गेलं, आता मला ते बघायचं आहे. मी पडद्यावर काढून दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं, त्यात अक्षरं इंग्रजी. मी बोट ठेवून दाखवलं, हे तुझं. त्यानं त्या ओळीखाली काचेवर आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग भावाचं नाव दाखव म्हणाला. मग शेजाऱ्याचं. सगळी पाहून झाली तेव्हा माझ्याकडे बघून हसला आणि आल्या पावली परत गेला.

त्यानंतरच्या मंगळवारी, दिवसाढवळ्या, वीज गेली आणि झटक्यात परत आली. मशीन पुन्हा सुरू केलं तर त्या दोन्ही गावांची नावं पडद्यावर येईनात. खरं तर तेव्हा काहीच गेलं नव्हतं. नावं कुठं आहेत हे सांगणारी यादीची सूची तेवढी खराब झाली होती, पुस्तकाची अनुक्रमणिका फाटावी तशी. पानं जागेवरच होती. भाऊंना फोन केला असता तर पाच मिनिटांचं काम. पण मी घाबरले. साहेबांनी महिन्यापूर्वीच दम दिला होता, पुढची चूक झाली तर उद्यापासून येऊ नका. रोजंदारीवाल्याला काढायला कागदसुद्धा लागत नाही. मी डब्यातली फ्लॉपी काढली, शनिवारी ठेवलेली नक्कल हीच, असं समजून ती मशीनवर चढवून मोकळी झाले. ती निघाली तीन आठवड्यांपूर्वीची. तिच्यात ती गावं नव्हतीच. आता नावं खरोखर गेली, आणि ती मी घालवली होती.

मग मी काय केलं? भाऊंना फोन लावून म्हणाले, वीज गेली, नावं दिसत नाहीत, काय करू? फ्लॉपीचा शब्द काढला नाही. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, "वीज गेली, आली, नावं दिसत नाईत, मधात तुम्ही काई केलं नाई. बरोबर?" मी म्हणाले, "बरोबर."

त्यांनी जो उपाय सांगितला तो अगदी अचूक होता, मी न सांगितलेली गोष्ट सोडून. अर्थातच लागू पडला नाही. दुसरा सांगितला, तोही नाही. मी वहीतही तेच अर्धवट लिहिलं, तेही साहेबांची सही होऊन गेल्यावर, गुपचूप, वर "तातडीचे" लिहायलाही चुकले नाही. वही फिरली. सगळ्यांनी जीव लावून उपाय सुचवले. राजुऱ्याच्या गड्यानं तर दोन पानं भरली. त्यातला एकही उपाय माझ्या चुकीवर नव्हता, कारण माझी चूक मी लिहिलीच नव्हती. साहेब रोज विचारायचे, यादी झाली? मी म्हणायचे, छापायची तेवढी बाकी आहे. ज्यानं लपवलं त्याला विचारताही येत नाही, हे मला त्या दिवसांत कळलं. डब्यात शनिवारची फ्लॉपी का नाही, एवढं साधं मी कुणाला विचारू शकत नव्हते. डोळे मिटले की काचेवरचं ते बोट दिसायचं. बैठकीला नऊ दिवस राहिले.

आणि एका सकाळी भाऊ एसटीतून उतरले. स्वेटरसकट. बगलेत वही.

दुसऱ्याच्या की-बोर्डला ते कधी हात लावायचे नाहीत. खुर्चीमागं उभे राहायचे, हात पाठीशी बांधून. त्या दिवशीही तसेच उभे राहिले. मला एकेक करायला लावलं आणि नुसते बघत राहिले. दहा मिनिटांत त्यांना कळलं असणार. मशीनवरच्या शेवटच्या नावाची तारीखच सांगत होती. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. साहेब शेजारच्या खोलीत होते, मधलं दार उघडं होतं. भाऊंनी वही माझ्यापुढं ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मधातली एक पायरी गळली आहे, बाई. मी चहा पिऊन येतो."

मी रडले. मग डोळे पुसून लिहायला बसले. आधी मी काय केलं. मंगळवारी वीज गेली, नावं दिसेनात, मी घाबरले. कुणाला न विचारता शनिवारची समजून डब्यातली फ्लॉपी चढवली. ती जुनी निघाली. नावं माझ्यामुळं गेली. हे मी भाऊंना आणि वहीला सांगितलं नाही. शनिवारी नक्कल केली होती एवढं आठवतं, ती फ्लॉपी कुठं आहे ते माहीत नाही. मला हवं आहे ते असं की ती नावं बैठकीपुढं जावीत. खाली सही केली. ह्या सहीबरोबर नोकरी गेली हे मला माहीत होतं. बापाला काय सांगायचं, तेही मनात जुळवून ठेवलं होतं.

भाऊ आले. उभ्यानंच वाचलं, मग सवयीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत हलक्या आवाजात म्हणून दाखवलं. "बरोबर?" मी मान हलवली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. मला वाटलं, आता खोडतात. त्यांनी एक शब्दही खोडला नाही. माझ्या सहीखाली लिहिलं, "जुनी नक्कल नव्यावर चढवताना मशीननं आधी थांबून विचारायला हवं होतं. प्रोग्राम मी लिहिला, ते विचारणं मी त्यात ठेवलं नाही. ही चूक माझी." तारीख, सही. आणि वही उचलून स्वतःच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून म्हणाले, हे तुम्ही कशाला लिहिलं, तुमचा काय संबंध?

भाऊ म्हणाले, "झालं ते लिहिलं, साहेब. कोणाले काढायचं असन तं दोघांचीही नावं आहेत."

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग सही केली आणि वही परत दिली. मला काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

वही नेहमीच्या फेरीनं गेली असती तर बैठक होऊन गेली असती. म्हणून भाऊच ती घेऊन गाडीत बसले. प्रत्येक स्टँडवर उतरायचं, तिथल्या ऑपरेटरला समोर बसवून माझं पान वाचायला लावायचं, "वाचलं" ची सही घ्यायची आणि पुढची गाडी धरायची. पहिलाच थांबा चामोर्शीचा. तिथले ऑपरेटर म्हणजे कमालीचे भिडस्त गृहस्थ, स्वतःहून कुणाला काही म्हणणार नाहीत. त्यांनी वाचलं. "शनिवारी" ह्या शब्दाशी थांबले. ड्रॉवर उघडला आणि एक फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली.

दुपारी आमच्या कचेरीत चामोर्शीहून भाऊंचा फोन आला. "बाई, ओळीनं सांगतो. शनिवारी तुमच्या प्रिंटरचं रिबन संपलं होतं. तुम्ही जीपच्या ड्रायव्हरकडून फ्लॉपी इथी छापायले पाठवली. इथला कागद संपला होता, म्हणून ह्यायनं ती जपून ठेवली, तुम्ही विचारान म्हणून. तुमचं रिबन सोमवारी आलं आणि तुम्ही विचारलंच नाई. दोन्ही गावं हिच्यात आहेत. मी मासू हे नाव डोळ्यांनी वाचलं. बरोबर?"

छापायला दिलेली ती फ्लॉपी हीच शनिवारची नक्कल, हे भीतीपायी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिकडून वाट बघणं चालू होतं, मिनिटं पळत होती. शेवटी कसंबसं "बरोबर" म्हणाले.

"सुटलं की कळवा, हा नियम तुम्ही मोडला म्हणून फ्लॉपी वाचली," भाऊ म्हणाले. "कळवलं असतं तं ह्यायनं ती पुसून दुसऱ्या कामाले घेतली असती. पण याले नियम समजू नका." आणि फोन ठेवला.

यादी वेळेत गेली. जमिनीचे पट्टे मिळायला पुढं बरेच दिवस लागले, कागदांवर कागद झाले, पण नावं होती म्हणून मिळाले. मासू दादा परत आला होता, पुन्हा दोन दिवस चालून, पुन्हा नाव बघायला. मी दाखवलं. ते मधल्या दिवसांत तिथं नव्हतं, हे त्याला सांगायचा धीर मला झाला नाही. वहीत लिहिलं तेवढं पुष्कळ झालं, असं तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही.

त्या माणसाबद्दल लोक खूप सांगतात. बिनचूक प्रोग्राम लिहायचा, आकडे तोंडपाठ असायचे, मोठ्या साहेबालाही "हे मत झालं" म्हणायचा. सगळं खरं आहे. पण मला त्यांच्याविषयी जे वाटतं ते ह्या कशामुळंही नाही. त्या पानावर मी एकटी उभी होते आणि हा माणूस काही गरज नसताना शेजारी येऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस मी नंतर पाहिला नाही.

दोनेक महिन्यांनी जुनी वही भरली आणि नवी आली. तसलीच लाल, तसल्याच मेणकापडात. मी पहिलं पान उघडलं. कसं विचारायचं ते सगळं दुसऱ्या पानावर गेलं होतं. पहिल्या पानावर वर लिहिलं होतं, "माझ्याकडून राहिलेलं". खाली ओळीनं भाऊंच्या चुका. पान सात कुणाला समजेल असं लिहिलं नाही. जुनी नक्कल चढवताना मशीनला विचारायला लावलं नाही, आता लावलं आहे. अशा आठ-नऊ होत्या, प्रत्येकीपुढं तारीख. खाली बरीच जागा मोकळी सोडलेली.

शेवटच्या चुकीपुढं आमच्या त्या मंगळवारची तारीख होती. लिहिलं होतं, "ऑपरेटर बाईंचा फोन आला. आवाज कापत होता. मी मशीनचं सगळं विचारलं. भेव वाटून राह्यलं का, हे विचारायचं राहून गेलं."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग नियमाप्रमाणं पानाच्या खाली "वाचलं" असं लिहिलं आणि सही केली.